उत्तरं तेवढी पाठ

चष्म्याच्या दुकानाच्या मालकाने भिंतीवरचं बटण दाबलं, ट्यूब एकदोनदा लुकलुकून लागली, आणि आडभिंतीच्या अलीकडे चाकावर काच घासत बसलेला तो मोठ्याने म्हणाला, "तू आहेस."

म्हणाला, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. चाक फिरत होतं, चाकावर पाण्याची बारीक धार पडत होती, बोटांच्या चिमटीत कुणाच्या तरी डाव्या डोळ्याची काच होती. मग पलीकडून, तपासणीच्या खुर्चीत हनुवटी टेकवून बसलेल्या बाईंचा आवाज आला, "आतून मला कुणी काही म्हणालं का?" मालक हसला. वयाने त्याच्याहून बराच लहान असलेला, मनाने बरा माणूस. पण गिऱ्हाइकाशी गप्पा मारताना त्याच्या जिभेला हाड नसायचं. "नाही हो, आमचे काका आहेत आत. स्वतःशीच बोलतात हल्ली." आडभिंत छतापर्यंत पोहोचत नव्हती, त्यामुळे पलीकडचं सगळं अलीकडे येत असे. 'हल्ली' हा शब्दही आला. त्याने चाक थांबवलं आणि काच उजेडात धरली. काचेला काही झालं नव्हतं.

दिवा लागला की 'तू आहेस' म्हणायचं, ही त्याची सवय लग्नाइतकी जुनी होती. घरी संध्याकाळचा दिवा बायको लावायची. बटणावर हात ठेवूनच ती म्हणायची, "अंधार झाला, कोण आहे?" त्याने म्हणायचं, "तू आहेस." ती म्हणायची, "माझं दुखणं कुणाला ठाऊक?" त्याने म्हणायचं, "तुला ठाऊक." मग उद्याचा दिवस कुणाच्या हाती असं काहीतरी, आणि त्याने म्हणायचं, "तुझ्या हाती." मग शेवटची ओळ, जी ती फार हळू म्हणायची, आणि त्यावर त्याचं "तसंच असू दे." की झालं. एवढीच ती प्रार्थना. कुठल्या पुस्तकातली नव्हे. सासूबाई सुईण होत्या. त्यांनी ती कुठून आणली, की स्वतःच रचली, हे कुणी विचारलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा तो सासरी गेला त्या संध्याकाळी जाड मनगटांच्या त्या बाईने त्याला समोर बसवलं आणि सांगितलं, "जावईबापू, तुम्ही उत्तरं द्या. सोपी आहेत. एकट्यानं देवाशी बोललं की माणूस स्वतःशीच बोलत बसतो, म्हणून दोघं लागतात." त्याला तेव्हा देवाशी काही बोलायचं नव्हतं. ही म्हातारी कधी आत जाते आणि बायको कधी एकटी सापडते, एवढीच काळजी त्याला होती. उत्तरं चारच होती. त्याने तिथल्या तिथे पाठ केली आणि पुढे जन्मभर दिली. चहाचा कप हातात धरून दिली, पायमोजे काढता काढता दिली, एकदा तर दाढेत कापूस धरून दिली. शेवटचं उत्तर तर तो उठता उठताच द्यायचा, कारण तेवढ्यात बातम्या लागायच्या. देव आहे की नाही याचा विचार त्याने कधी केला नव्हता. डोक्यावर छत आहे की नाही याचा जसा कुणी करत नाही, तसा. आणि आता ते छत कुणीतरी उचलून नेल्यासारखं झालं होतं.

काही दिवसांपूर्वी बायको कपडे वाळत घालत होती. "डोकं फार दुखतंय हो," म्हणाली, हातातला टॉवेल नीट दोरीवर टाकला, त्याला चिमटा लावला आणि मग खाली बसली. तो चिमटा लावणं त्याला पुन्हा पुन्हा आठवायचं. डोक्यातली रक्तवाहिनी फुटत असताना बाई टॉवेलला चिमटा लावते. मेंदूची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर त्याच्या मुलीच्या वयाची होती, तिने त्याला बाकावर बसवून, स्वतः शेजारी बसून सांगितलं की आम्हाला जे करायचं होतं ते नीट झालंय, आता त्या जाग्या कधी होतील, होतील का, हे आम्हाला सांगता येणार नाही. "वाट बघायची," ती म्हणाली. वाट बघणं म्हणजे काहीतरी करणं आहे असा तिचा चेहरा होता. त्याला ते पटलं नाही. वाट बघणं म्हणजे काहीच न करणं, आणि आयुष्यभर हाताला काम असलेल्या माणसाला त्याहून मोठी शिक्षा नाही.

दुकानात 'तू आहेस' तोंडून निघालं त्या दिवशी, बाईंच्या डाव्या डोळ्याची काच चौकटीत बसवून तो इस्पितळात गेला. संध्याकाळी थोडा वेळ एकाला आत सोडत. ती उताणी पडलेली, घशात नळी, डोक्याला पांढरं गुंडाळलेलं. तिची लांब वेणी कापून टाकली असणार, तिचं काय केलं असेल, हा एक वेडगळ विचार त्याच्या डोक्यात रोज यायचा आणि तो कुणाला विचारत नसे. परिचारिकेने पलंगाच्या डोक्याशी असलेला दिवा लावला. त्याने आपोआप तोंड उघडलं आणि मिटलं. प्रश्न विचारणारी बाई तोंडात नळी घेऊन पडली होती. मग त्याने पहिल्यांदा, तिच्या कानाशी वाकून, दोन्ही बाजू स्वतःच म्हणायचा प्रयत्न केला. अंधार झाला, कोण आहे, तू आहेस. इथवर ठीक. दुखण्याचं आलं. उद्याच्या दिवसाचं चाचपडत का होईना जुळलं. आणि शेवटच्या ओळीशी तो थांबला. तिथे काहीच नव्हतं. तिची मान खाली जायची, ओठ हलायचे, आवाज कुजबुजीहूनही खाली जायचा, आणि तोवर हा उठलेला असायचा. तीस वर्षं. एकदाही त्याने कान दिला नव्हता. बसथांब्यावर उभा असलेला माणूस जशी बसची वाट बघतो, तशी त्याने तिचं वाक्य संपण्याची वाट बघितली होती. बस काय रंगाची होती ते कोण बघतं.

घरी आल्यावर मुलीचा फोन आला. ती समुद्रापार राहत होती, पोटात सातव्या महिन्याचं बाळ घेऊन. तिथले डॉक्टर तिला विमानात बसू देत नव्हते आणि त्या एका गोष्टीने ती रोज रडायची. तिला रडू द्यायचं, मग आज डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगायचं, मग जेवलात का, असा क्रम ठरून गेला होता. त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आईच्या प्रार्थनेतली शेवटची ओळ काय गं?"

"तसंच असू दे."

"ते आपलं उत्तर. तिची ओळ."

मग ती म्हणाली, "बाबा, मी तर लहानपणापासून तुमच्याबरोबर उत्तरंच द्यायचे. आई काय म्हणायची ते... आई हळू म्हणायची ना शेवटचं." आणि पुन्हा रडायला लागली. म्हणजे आख्खं घर उत्तरं द्यायला बसलं होतं आणि विचारणारी एकटी होती. फोन ठेवल्यावर तो स्वयंपाकघरात उभा राहून पाणी प्याला. मग त्याला ती भीती वाटली, जी पुढे त्याने बरेच दिवस अंगावर बाळगली. त्या शेवटच्या ओळीत काय असेल? सुईणीची प्रार्थना होती ती. 'तू दिलंस, तूच नेलंस तरी' असं काही असेल तर? मग 'तसंच असू दे' म्हणजे काय? आपण इतकी वर्षं मोजे काढता काढता कशाला हो म्हणत आलो? न वाचता कागदावर सही करणारा माणूस मूर्ख, हे त्याला माहीत होतं. आणि आता ते उत्तर पुन्हा द्यायचं म्हणजे तिला जाऊ दे असं आपल्याच तोंडाने म्हणायचं. ते त्याच्याने होणार नव्हतं. तेव्हापासून तो रोज तिच्या कानाशी तीन प्रश्न, तीन उत्तरं म्हणायचा आणि चौथ्याशी गप्प बसायचा. परत येताना रस्त्यात त्याला वाटायचं, आपण देवाशी घासाघीस करतोय. चार आण्यांच्या जागी तीन आणे देऊन पुढे सटकणाऱ्या माणसासारखं.

शेजारपाजारची माणसं चांगली होती. 'देव परीक्षा बघतो', 'त्याच्यावर भरवसा ठेवा', असं म्हणायची आणि आपापल्या दारांना कड्या लावायची. त्यांचा राग येत नसे. पण भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? काच घासायची म्हणजे काय करायचं ते त्याला माहीत होतं. कड किती ठेवायची, हात कुठे उचलायचा, पाणी कमी पडलं की वास कसा येतो. भरवशाचं असं काही त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं होतं ते उत्तर.

अशात एका दुपारी बसचालक आला. त्याची डोळ्यांची तपासणी व्हायची होती. तसा कागद नेला नाही तर त्याला गाडीवर बसू देणार नव्हते. भरदार आवाजाचा गडी. मालक आपलं नेहमीचं म्हणत होता, आता कसं दिसतं, आणि आता, खालची ओळ वाचा. चालक धडाधड वाचत होता, सगळ्यात बारीक ओळसुद्धा, शाळेतल्या पोराने पाढे म्हणावेत तशी. मालकाने दिव्याच्या पेटीतली पाटी बदलली. चालक वाचतच राहिला. तीच अक्षरं, त्याच क्रमाने.

"दादा," मालक म्हणाला, "पाटी बदललीय."

मग तो भरदार आवाज एकदम लहान होऊन आला. "पाठ केली होती. आमच्या डेपोतल्या एकानं सांगितली. मला वरच्या दोन सोडून काही दिसत नाही हो. पण गाडी गेली तर मी काय करू?" मालक त्याला ओरडला नाही, त्याने समजावलं, की चष्मा लावून गाडी चालवायला बंदी नाही, उगाच लाज धरून बसलात आणि उतारूंचा जीव टांगणीला लावलात. अलीकडे चाकाशी बसलेल्या त्याच्या अंगावर मात्र काटा आला. हा मीच, त्याला वाटलं. माझीही पाटी पाठ होती. तू आहेस, तुला ठाऊक, तुझ्या हाती. वर काय लिहिलंय ते एकदाही दिसलं नव्हतं. पाटी बदलली तरी माझं आपलं तेच चाललंय. आणि त्याच्या हातातल्या काचेची कड उडाली. टवका पडला. ती काच वाया गेली, आणि मालकाने नुसती दुसरी काच काढून दिली, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

एकच माणूस उरलं होतं विचारायला, आणि तिला विचारणं म्हणजे बायकोच्या पाठीमागे जाणं. बायकोची थोरली बहीण. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात कुणी किती केलं यावरून दोघी बहिणींत असं बिनसलं की त्यानंतर विस्तव जात नव्हता. आजारपणाचंही तिला कळवलं नव्हतं. बायको शुद्धीवर असती तर 'तिला सांगितलंत तर याद राखा' असंच म्हणाली असती. पण बायको शुद्धीवर नव्हती. दोन दिवसांनी दुपारी मालक जेवायला गेल्यावर त्याने आतल्या खोलीत बसून फोन लावला. पलीकडे आवाज आला तो सासूबाईंचाच, इतका की तो क्षणभर ताठ बसला.

त्याने सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मला आज सांगताय?"

"चुकलं, ताई."

"तुमचं नाही. तिनंच मनाई केली असणार. लहानपणापासून तसलीच." मग नाक ओढल्याचा आवाज. "बोला, जावईबापू. नुसतं कळवायला नाही केलात तुम्ही फोन."

त्याने विचारलं. शेवटची ओळ काय.

"शेवटी ओळ नसतेच."

"म्हणजे?"

"काही नसतं तिथं. आईची ती बाळंतिणीपाशी म्हणायची प्रार्थना. कळा देणाऱ्या बाईला जागं ठेवायला, धीर द्यायला. आई विचारायची, ती बाई उत्तर द्यायची. आणि बाळंतिणीसमोर भीती तोंडानं काढायची नसते. म्हणून शेवटची जागा मोकळी. तिथं ज्यानं त्यानं आपली भीती ठेवायची, मनात. आणि दुसऱ्यानं, ती काय आहे ते न विचारता, म्हणायचं, तसंच असू दे, म्हणजे ठेवलंस ते तिथंच राहू दे. तुला सांगितलं नाही तिनं?" बोलता बोलता ती त्याला 'तू' म्हणाली आणि तिच्या ध्यानातही आलं नाही.

"मग ती काय ठेवायची तिथं?"

"ते मला कसं ठाऊक असणार. ते तिला ठाऊक आणि देवाला." मग म्हणाली, "पण ती विचारायची खरं. म्हणजे तुझ्या उत्तरावर तिचा भरवसा होता."

त्याने उगाच चाकावरचं पाणी फडक्याने पुसलं. मग विचारलं, "तुम्ही म्हणता अजून, ताई?"

"म्हणते की. हे गेल्यापासून उत्तर द्यायला कुणी नाही, मग दोन्ही बाजू माझ्याच. आधी विचारते, मग थोडी थांबते, मग उत्तर देते. थांबायचं मात्र. लगेच दिलं तर ते आपलंच असतं." फोन ठेवताना म्हणाली, "तिला सांगा..." आणि पुढे काही सांगितलं नाही.

उरलेली दुपार त्याने काम केलं, पण मन मागे मागे जात राहिलं. मुलगी पोटात असताना तिसऱ्या महिन्यापासून बायको अंथरुणाला खिळली होती, तेव्हाच्या संध्याकाळी. त्याची नोकरी गेली होती, तेव्हाच्या. तिची आई गेल्यानंतरच्या. बहिणीशी तोडल्यानंतरच्या. मुलगी परदेशी गेली त्या दिवशीची, जेव्हा बायको बटणापाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली होती आणि त्याने म्हटलं होतं, "अगं, लाव ना दिवा." त्या प्रत्येक संध्याकाळी तिने काहीतरी काढून ठेवलं होतं, आणि पाठमोऱ्या, बातम्यांकडे निघालेल्या या माणसाने त्यावर 'तसंच असू दे' म्हटलं होतं, आणि त्यावर ती उठून शांतपणे कणीक मळायला गेली होती. तेवढ्याने तिचं भागलं होतं. त्याच्या त्या अर्धवट उत्तराने. त्याला लाज वाटली. पण लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं, जे लाज नव्हतं, आणि ज्याला त्याच्याकडे नाव नव्हतं.

पाच वाजता चालक चष्मा घ्यायला आला. काचा यानेच घासल्या होत्या, जाडजूड. चालकाने चष्मा घातला, आरशात बघून 'मास्तर दिसतोय' म्हणाला, आणि मग मालकाला म्हणाला, "ती आधीची पाटी लावा बरं." मालकाने हसत लावली. चालक खुर्चीत बसलासुद्धा नाही. उभ्यानेच, सावकाश, एकेका अक्षराला थांबत, वरून खालपर्यंत गेला. चष्मा नीट बसतोय का ते पाहायला काचा घासणारा तो आडभिंतीच्या दारात येऊन उभा होता.

"तेच आहे की," चालक म्हणाला. "अक्षरन् अक्षर. मी काय खोटं सांगत होतो का?"

"दिसत होतं का तेव्हा?" मालकाने विचारलं.

"दिसत नव्हतं. पण होतं ना."

मालक खो खो हसला आणि याला म्हणाला, "ऐकलंत का काका?" ऐकलं होतं. तो हसला नाही. पुढे झाला, चालकाच्या कानामागची काडी जरा वाकवून दिली आणि टोपी घेऊन निघाला.

इस्पितळात ती तशीच होती. शेजारच्या पलंगावरची चादर बदलली होती आणि त्यावर दुसरंच कुणीतरी होतं. त्याने तिकडे बघायचं टाळलं. स्टूल ओढून बसला. परिचारिका दिवा लावायला आली तेव्हा म्हणाला, "मी लावू का?" तिने खांदे उडवले आणि पुढच्या पलंगाकडे गेली. त्याने बटणावर बोट ठेवलं. तिथे ठेवल्यावर त्याला कळलं की या जागी आल्यावर किती एकटं वाटतं. मागून कुणीतरी उत्तर देईल, एवढ्यावरच उभं राहायचं असतं.

"अंधार झाला, कोण आहे?" तो म्हणाला आणि दिवा लावला. मग थांबला. यंत्र आपल्या लयीत श्वास आत ढकलत होतं. थांबणं फार लांबलं. लगेच दिलं तर ते आपलंच असतं. मग त्याचा आवाज आला, "तू आहेस." दुखण्याचं विचारलं, थांबला, उत्तर दिलं. उद्याचं विचारलं. तिथे जास्त थांबावं लागलं.

मग मोकळी जागा आली. त्याने मान खाली घातली. आधी त्याने तिथे ठेवलं, ही उठू दे. लगेच लक्षात आलं की ही भीती नव्हे, ही मागणी. पाठ केलेली ओळ. ती त्याने उचलून बाजूला ठेवली. खाली जे होतं ते वर यायला वेळ लागला, कारण ते तो इतके दिवस पायाने दाबून उभा होता. ही उठणार नाही. मी घरी जाईन आणि अंधार होईल आणि बटण मीच दाबेन, आणि मला विचारणारं या जगात कुणी नसेल. हेच होतं. त्याने ते होतं तसं ठेवलं, झाकलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही, कारण त्याचा एक हात तिच्या हातावर होता आणि दुसरा अजून बटणावर.

त्याला काही दिसलं नाही. कुणी काही बोललं नाही. तिचं बोटही हललं नाही. तो थांबला, आणि ते थांबणं रिकामं नव्हतं, एवढंच त्याला सांगता आलं असतं. कुणीतरी ऐकून घेताना गप्प असतं, तसं ते होतं. त्या शांततेत त्याला जाणवलं की आपण जे इथे ठेवलं ते आता आपल्या एकट्याच्या अंगावर नाही. ते तसंच होतं, तेवढंच जड होतं, पण दुसऱ्या बाजूनेही कुणीतरी ते धरलं होतं.

"तसंच असू दे," तो म्हणाला.

पलीकडच्या खोलीत कुणीतरी बातम्या लावल्या. भेटीची वेळ संपत आल्याची घंटा झाली, लोक स्टुलं सरकवू लागले. तो उठला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच, शेवटचं उत्तर देऊन झाल्यावरही तो तिच्याजवळ बसून राहिला.